जात्याचा नाद आणि नवे गीत

शास्त्रभाग : यिर्मया 25:10, मत्तय 24:41, स्तोत्रसंहिता 96.

गेल्या पावसाळ्यात एका कुटुंबाच्या घरी उपासनेसाठी आम्हांस खारघर येथे जाण्याचा प्रसंग आला. आमच्या खेड्यांतील पुष्कळ मंडळींची मुलेबाळे आज त्या बाजूस राहतात, म्हणून त्या स्थळाची थोडी ओळख करून देणे उचित होईल. खारघर हे रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी वसलेले आहे. पावसाळ्यात त्या डोंगरावरून पांडवकडा नावाचा धबधबा कोसळतो. 1970 साली सिडको ही संस्था स्थापन होऊन नवी मुंबई वसविण्याचे काम सुरू झाले, आणि जेथे भाताची खाचरे होती तेथे कालांतराने उंच इमारती उभ्या राहिल्या. ओवे, मुर्बी, बेलपाडा, कोपरा ही जुनी गावे आता त्या इमारतींच्या मधोमध आहेत.

ज्या घरी आम्ही गेलो तेथे अहिल्यानगर जिल्ह्यातून, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातून, मुलाकडे राहावयास आलेली एक वृद्ध माता होती. उपासना आटोपल्यावर तिच्या नातवाने आपल्या मोबाइलवर एक जुने ध्वनिमुद्रण लावले. त्यात पेटी नव्हती, तबला नव्हता. दोन बायांचे आवाज, बांगड्यांची किणकिण आणि दगडावर फिरणाऱ्या दगडाची घरघर एवढेच होते. त्या जात्यावरच्या ओव्या होत्या. म्हातारी काही वेळ स्तब्ध बसली. मग तिचा उजवा हात मांडीवर गोल फिरू लागला आणि ती हळू आवाजात गाऊ लागली. दोन ओव्या झाल्या आणि ती थांबली. आम्ही पुढची ओवी विचारली, तेव्हा ती म्हणाली, "हात मोकळा असला की पुढचं सुचत न्हाई."

तिच्या सुनेने सांगितले की, लग्नास इतकी वर्षे झाली, परंतु सासूबाईंना गाताना तिने आजच प्रथम ऐकले. कारण विचारता म्हातारीने जे सांगितले ते ऐकून आमची मान खाली गेली. ती लहान असताना त्यांच्या वस्तीवर येणाऱ्या एका उपदेशकाने तिच्या आईस सांगितले होते की, ही गाणी जुन्या धर्माची आहेत, ख्रिस्ती घरात ती नकोत. त्या दिवसापासून मायलेकी कोणी ऐकणारे नसेल तेव्हाच गात. मंदिरात छापील गीते आणि पहाटेच्या अंधारात चोरून ओव्या, असे दोन कप्पे तिने जन्मभर सांभाळले. आम्ही विचारले, "आजी, ह्या ओव्यांत देवाचे नाव होते काय?" ती म्हणाली, "कधी हुतं, कधी नव्हतं. जात्यापाशी सांगितलं, पण ऐकलं देवानंच."

हा विषय आज वाचकांपुढे ठेवण्याचे कारण हेच. आपल्या मंडळ्यांत अशा किती वृद्ध माता असतील, ज्यांच्या पोटी शेकडो ओव्या आहेत आणि ज्यांस आम्ही कधी गा म्हटले नाही?

ओवी ही काय वस्तू आहे

ओवी हे महाराष्ट्राचे फार जुने गीत आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने 1129 च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' ह्या संस्कृत ग्रंथात असा उल्लेख आहे की, महाराष्ट्रात स्त्रिया कांडण करताना ओवी गातात. ज्ञानेश्वरी 1290 साली ओवीतच रचली गेली. म्हणजे जी रचना पंडितांनी ग्रंथासाठी घेतली ती त्याही पूर्वी कांडणाऱ्या बायांच्या मुखी होती. ओवी कष्टात जन्मली आणि मागाहून पोथीत गेली.

जात्यावरच्या ओवीचे अंग कसे असते ते आमच्या वृद्ध भगिनींना सांगावयास नको, परंतु तरुण वाचकांसाठी थोडे लिहितो. पहाटे, घरची पुरुषमंडळी निजलेली असताना, दोन बाया जात्याच्या दोन बाजूंस समोरासमोर बसत. खुंटा एक आणि हात दोघींचे. एक हात खुंट्यावर फिरे, दुसरा मूठमूठ दाणे वैरी. जात्याचा फेरा हाच ताल. एकीने ओळ म्हणावी, दुसरीने ती उचलावी. जी ओवी आवडली ती पुन्हा घोळावी. एखादे नाव बदलून, एखादा शब्द घालून तिची नवी ओवी करावी. कोठे पहिली ओवी एकास, दुसरी दुसऱ्यास, असे मोजीत देवाची, मायबापांची, भावाची नावे घेत जावे. ह्या ओव्यांस कोणी एक कवयित्री नाही, आणि प्रत्येक गाणारी तिची धनीण आहे.

आणि त्यांत काय नसे? माहेर, भावाची वाट, सासरचा जाच, दुष्काळ, लेकराचे आजारपण, सीतेचा वनवास, पंढरीची वारी. जे नवऱ्यास सांगता येत नाही, सासूस सांगता येत नाही, ते जात्यास सांगावे, असा तो प्रकार होता. ज्यांस लिहिता येत नव्हते त्यांची ही रोजनिशीच होती असे म्हणावयास हरकत नाही.

ही गोष्ट केवळ देशावरची नव्हे. ज्या खारघरात आम्ही बसलो होतो, त्या भागातील आगरी लोकांतही लग्नविधीची गाणी, म्हणजे धवले, गाणाऱ्या बाया आहेत. त्यांस धवलारीण म्हणतात. लग्नाचा एक एक विधी ती आपल्या गीताने चालविते. म्हणजे डोंगराच्या ह्या अंगास आणि त्या अंगासही, विधी आणि वेदना ह्या दोहोंची वाणी स्त्रियांच्या कंठी होती.

ओव्यांची साठवण

पुढे गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या. बायांचे पहाटेचे कष्ट वाचले, ही आनंदाचीच गोष्ट होय. जात्याच्या श्रमाचे गोडवे गाणाऱ्याने एक पायली ज्वारी दळून पाहावी. परंतु जाते थांबले तशी ओवीही थांबली, कारण तिला बसावयास दुसरी जागा नव्हती. आज बहुतेक घरी लग्नाची हळद दळण्यापुरतेच जाते मांडतात.

ही गीते जाणार हे ज्यांनी वेळीच ओळखले त्यांत पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ ह्यांची नावे कृतज्ञतेने घेतली पाहिजेत. प्वातवँ हे जन्माने फ्रेंच होते. ते ह्या देशात आले, येथलेच झाले आणि त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. 1980 नंतरच्या दशकात ही दोघे मुळशीच्या डोंगराळ भागात गरीब डोंगरी संघटनेच्या द्वारे काम करीत होती. गरीब बायांच्या मनात काय आहे हे जाणावयाचे तर त्यांस प्रश्न विचारून भागत नाही, त्यांच्या ओव्या ऐकाव्या लागतात, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक हजाराहून अधिक गावांतून, तीन हजारांहून अधिक गाणाऱ्यांकडून, एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. 1990 नंतरच्या दशकात बर्नार बेल ह्यांच्या साहाय्याने पुष्कळ ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. प्वातवँ 2004 साली आणि राईरकर 2010 साली निवर्तल्या. त्यांनी जमविलेले हे धन 2017 सालापासून पत्रकार पी. साईनाथ ह्यांनी स्थापिलेल्या 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया', म्हणजे 'पारी', ह्या संग्रहात सर्वांस ऐकण्यासाठी ठेवण्यात येत आहे. खारघरच्या त्या मुलाने लावलेले गाणे तेथलेच होते.

श्रद्धा नवी झाली, ओवी राहिली

ह्या संग्रहात आमच्या विषयास फार उपयोगी असे एक उदाहरण आहे. 1996 साली बीड जिल्ह्यातील माजलगाव येथील भीमनगरात ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले. तेथील दलित भगिनींनी ज्या ओव्या गाइल्या त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर, रमाबाई आणि भगवान बुद्ध ह्यांच्याविषयी होत्या. वाचकांस ठाऊकच आहे की, 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्यानंतर ह्या बायांनी जुने देव सोडले, परंतु जाते सोडले नाही, चाल सोडली नाही, आणि ओवी मोजण्याची रीतही सोडली नाही. ज्या ठिकाणी पूर्वी एका नावाची ओवी होती त्या ठिकाणी त्यांनी दुसऱ्या नावाची ओवी घातली. आपल्या मुक्तीची वार्ता त्यांनी आपल्याच तोंडाने, आजीच्याच चालीवर गाइली. कोणी त्यांस गीतपुस्तक छापून दिले नव्हते.

आता आपल्या लोकांच्या इतिहासाकडे पाहू. गोमंतकात 1579 साली आलेले इंग्रज जेजुइट पाद्री थॉमस स्टीफन्स ह्यांनी मराठी ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचले आणि ते 1616 साली प्रथम छापले गेले. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. ते रोमन पंथाचे होते, तरी त्यांच्या ह्या कार्याचा मान सर्व मराठी ख्रिस्ती जनांनी राखावा. ग्रंथाच्या आरंभीच एक प्रसंग येतो. एक नवा ख्रिस्ती पाद्रीस विनवितो की, आमची जुनी पुराणे वाचू नका असे सांगता, तर त्यांच्या जागी आम्हांस काहीतरी द्या. हा प्रश्न चारशे वर्षांचा झाला, तरी शिळा झालेला नाही. मनुष्याच्या घरातून गीत काढून घेतले आणि ती जागा रिकामी ठेवली, तर ते घर मुके होते.

प्रॉटेस्टंट मिशनच्या आरंभीच्या काळात पुष्कळ गीते परदेशी चालींवर रचली गेली. ती भक्तीने रचली होती, व त्यांतील कित्येक आजही आम्हांस प्रिय आहेत. परंतु खेड्यातील मनुष्याच्या जिभेवर ती सहज बसत ना. मग अहमदनगरचे कृष्णा रत्नाजी सांगळे ह्यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक ह्यांनी अभंग आणि भजन आपल्या मंडळीस दिले. टाळ, मृदंग, एकतारी ही वाद्ये उपासनेत आली आणि श्रोत्यास वाटले की, हा परक्याचा देव नव्हे. टिळकांचे कार्य किती थोर हे आम्ही वारंवार लिहिले आहे. येथे एवढेच नमूद करतो की, त्यांनी जे उचलले ते बहुतांशी कीर्तनकाराचे व संतांचे होते, म्हणजे देवळातले आणि चावडीवरचे होते. पहाटेच्या जात्यापाशी जे होते ते बहुतांशी तेथेच राहिले. आमचे उपदेशक पुरुष होते. ते गावात येत तेव्हा दळण झालेले असे.

शास्त्र जात्याविषयी काय म्हणते

पवित्र शास्त्रात जाते पुष्कळ ठिकाणी आले आहे. कोणाचेही जाते गहाण घेऊ नये, कारण ते घेणे म्हणजे त्याचा जीवच गहाण घेणे, असा नियम अनुवाद 24:6 येथे आहे. निर्गम 11:5 येथे जात्यामागे बसणारी दासी सिंहासनावर बसणाऱ्या राजाच्या दुसऱ्या टोकास दाखविली आहे. तिच्याहून हलके स्थान मिसर देशात नव्हते. मत्तय 24:41 येथे प्रभू दोन बायांस जात्यापाशी दळताना पाहतो. ज्यांच्याकडे कोणी पाहत नसे त्यांच्याकडे त्याची दृष्टी होती.

परंतु आजच्या पाठात यिर्मया 25:10 हे वचन विशेष ध्यानी घ्यावे. देशावर येणारा नाश वर्णिताना संदेष्टा वधूवरांच्या शब्दाबरोबर जात्याचा नादही नाहीसा होईल असे सांगतो. प्रकटीकरण 18:22 येथे बाबेलविषयी हेच पुन्हा येते. म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने जात्याचा नाद ही केवळ दळणाची घरघर नव्हे. वस्ती जिवंत आहे, घरात धान्य आहे, कोणीतरी उठून दिवसाचा आरंभ करीत आहे, ह्याची ती खूण आहे. ती खूण पुसली गेली की वस्ती उजाड झाली असे समजावे.

स्तोत्रसंहिता 96 मध्ये नवे गीत गाण्याची आज्ञा आहे. येथे एक प्रश्न उत्पन्न होतो. नवे गीत म्हणजे जुनी चाल टाकलेले गीत काय? आम्हांस तसे वाटत नाही. ते स्तोत्र गाणारे इस्राएल लोक आपल्या पूर्वजांच्याच भाषेत आणि आपल्याच वाद्यांवर गात होते. देवाने जे केले ते नवे, म्हणून गीत नवे. पौलाने अथेनै येथे त्या लोकांच्याच कवींची वचने घेऊन उपदेश केला, हे प्रेषितांची कृत्ये 17:28 येथे वाचावे. ज्या ओवीत दुसऱ्या देवाचे नाव आहे ती आपण उपासनेत गाणार नाही, हे खरे. परंतु ती ऐकूही नये असे शास्त्र कोठे सांगते? ती आमच्या आजीची साक्ष आहे. तिने काय सोसले, कोणास हाक मारली, उत्तराची वाट कशी पाहिली, हे तीत आहे. ती हाक ज्याने ऐकली त्याचे नाव मागाहून कळले, एवढाच भेद.

ध्वनिमुद्रण काय राखते, काय राखत नाही

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. ध्वनिमुद्रण हे मोठे साधन आहे. गाणारी गेल्यावरही तिचा आवाज राहतो, तिच्या गावची बोली राहते, चाल राहते. परंतु म्हातारीचे ते वाक्य विसरू नये की, हात मोकळा असला की पुढचे सुचत नाही. पेटीत ठेवलेले बी सुरक्षित असते, पण पीक शेतातच येते. मुद्रित झालेली ओवी नेहमी तीच राहते. गाइलेली ओवी प्रत्येक पहाटे थोडी नवी होत असे. म्हणून आमच्यावर दोन कर्तव्ये येतात : जे आहे ते जतन करणे, आणि जे पुढे यावयाचे त्यास जागा देणे.

उपदेशकांसाठी काही सूचना लिहितो.

पहिली सूचना, आपल्या मंडळीतील वृद्ध भगिनींच्या घरी आपल्या पत्नीस किंवा दुसऱ्या एखाद्या भगिनीस घेऊन जावे. ओव्या स्त्रियांत गातात, पुरुषांपुढे संकोच होतो. आधी परवानगी घ्यावी, आणि हे गाणे कोण ऐकणार तेही सांगावे. एखादी ओवी तिच्या घरचे दुःख उघड करणारी असेल आणि ती नको म्हणाली, तर ती पुसून टाकावी.

दुसरी, शक्य तर जाते मांडावे आणि मूठभर दाणे वैरावे. जाते नसेल तर तिला हात तरी फिरवू द्यावा. मोबाइलवर मुद्रण करीत असाल तर तो जात्यापासून थोडा दूर, घडी घातलेल्या लुगड्यावर ठेवावा, म्हणजे दगडाचा हादरा आवाजात येणार नाही. पंखा बंद करावा.

तिसरी, गाणारीचे नाव, माहेरचे व सासरचे गाव आणि तारीख वहीत लिहावी. शब्द तिच्या बोलीत जसा आला तसाच लिहावा. शुद्ध करू नये. लिहिलेले तिला वाचून दाखवावे. चुकले असेल तर ती सांगेल, आणि बहुधा दोन ओव्या आणखी देईल.

चौथी, ख्रिस्ती कोणत्या आणि अख्रिस्ती कोणत्या अशी निवड बसल्या जागी करू नये. आधी ऐकावे. आमच्या पूर्वीच्या बंधूंनी घाई केली, तिचे फळ आम्ही खारघरात पाहिले.

पाचवी, आपल्या स्त्रियांच्या सभेत भगिनींस नव्या ओव्या करण्यास सांगावे. एकीने प्रभूच्या उपकाराची ओळ धरावी, दुसरीने ती उचलावी. कोणी शिकलेली नसली तरी चालेल. खानदेशातील असोदे गावच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. दळताना, कांडताना त्यांनी जी गाणी केली ती त्यांच्या मुलाने आणि दुसऱ्या आप्ताने लिहून ठेवली, म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर 1952 साली ती छापली गेली आणि सर्व महाराष्ट्र थक्क झाला. लिहून घेणारा भेटला नसता तर? आपल्या मंडळीत लिहून घेणारे कोण आहे, हा प्रश्न प्रत्येक उपदेशकाने आपणांस विचारावा.

खारघरहून आम्ही निघालो तेव्हा रात्र झाली होती आणि पाऊस पडत होता. दारापर्यंत पोहोचविण्यास आलेल्या सुनेने सांगितले की, गावी घराच्या मागे सासूबाईंचे जाते पडून आहे, ते पुढल्या खेपेस आणावे असे घरात ठरले आहे. सातव्या मजल्यावर जाते! शेजारी काय म्हणतील म्हणून मुलगा हसत होता. आतून म्हातारीचा आवाज आला, "आणा तर खरं. मग बघा किती निघत्यात."

आम्हांस वाटते, ते जाते अवश्य आणावे.

विचारासाठी प्रश्न

1. यिर्मया 25:10 येथे जात्याचा नाद कोणत्या दुसऱ्या आवाजाबरोबर सांगितला आहे? तो का?
2. अनुवाद 24:6 येथील नियमावरून गरिबाच्या साधनाविषयी देवाचे मन कसे दिसते?
3. माजलगावच्या भगिनींनी काय सोडले आणि काय राखले? त्यापासून आपण काय शिकावे?
4. आपल्या मंडळीत ओव्या जाणणाऱ्या भगिनी किती आहेत? त्यांची नावे लिहा, आणि पुढल्या रविवारच्या आत त्यांपैकी एकीस भेटा.